रेपोत पडून असलेली जुनी पाय-कंपाइल स्क्रिप्ट: दुरुस्त करावी, बदलावी की काढूनच टाकावी?

काडीपेटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

मी एक जुना प्रकल्प सांभाळतो. मुख्य भाग सी मध्ये, त्यावर पायथन मॉड्यूल्सचा थर, आणि बिल्डला ऑटोमेक, म्हणजे मेकफाईल (बिल्डच्या आज्ञांची यादी) बनवून देणारं साधन. ज्यांनी ऑटोमेक वापरलंय त्यांना माहीत असेल, मेकफाईलमध्ये पायथन फाईल्स 'पायथन' या प्रकाराखाली लिहिल्या की इन्स्टॉलच्या वेळी 'पाय-कंपाइल' नावाची छोटी शेल स्क्रिप्ट चालते. ती .पीवाय फाईल्सच्या .पीवायसी (आधीच कंपाइल केलेल्या बाइटकोडच्या) फाईल्स करून ठेवते, म्हणजे पहिल्यांदा इंपोर्ट करताना इंटरप्रिटरला ते काम करावं लागत नाही. एवढंच तिचं काम.

पायथन ३.१२ वर 'मेक इन्स्टॉल' इथेच फुटलं. संदेश स्पष्ट होता: 'इम्प' नावाचं मॉड्यूल सापडत नाही. आमच्या रेपोत स्क्रिप्टची जी प्रत कमिट केलेली आहे तिच्या वरच्या भागात आवृत्तीची तारीख आहे २०११-०६-०८. म्हणजे इतकी वर्षं कुणीही तिच्याकडे पाहिलेलं नाही, आणि तिनेही कधी तक्रार केली नाही.

मला तीन वाटा दिसतात. एक, 'इम्प' च्या जागी 'इंपोर्टलिब' (तेच काम करणारं पायथनचं नवं मॉड्यूल) घालून आमच्याच प्रतीला पॅच मारायचा. दोन, ही स्क्रिप्ट फेकून 'कंपाइलऑल' (अख्खं फोल्डर कंपाइल करणारं पायथनचं साधन) ची एक ओळ इन्स्टॉलच्या हुकमध्ये, म्हणजे इन्स्टॉलला जोडून चालणाऱ्या आपल्या आज्ञांत, लिहायची. तीन, इन्स्टॉलच्या वेळी कंपाइल करणंच बंद करायचं, पायथन स्वतः पहिल्या इंपोर्टला करून घेईल.

दुसऱ्या वाटेकडे माझा कल आहे. एका ओळीने काम होत असेल तर दीडशे ओळींची शेल स्क्रिप्ट कशाला सांभाळायची? पण हात घालण्याआधी विचारतोय.

उलटा_स्लॅश

चौथी वाट आहे आणि तीच बरोबर आहे. ऑटोरीकॉन्फ (बिल्डच्या सहाय्यक फाईल्स पुन्हा बनवणारी आज्ञा) चालवा, फोर्स आणि इन्स्टॉल हे दोन्ही पर्याय देऊन. नव्या ऑटोमेकमधली दुरुस्त स्क्रिप्ट आपोआप येईल.

काडीपेटी

@उलटा_स्लॅश, ऑटोरीकॉन्फ आम्ही प्रत्येक रिलीजला चालवतो. तरीही फाईल २०११ चीच राहिली. हेच मला कळत नव्हतं.

जुना_टारबॉल

कारण फोर्स दिलं नसेल. ऑटोमेकचा 'अॅड-मिसिंग' हा पर्याय नावाप्रमाणेच वागतो. फाईल नसेल तर आणून ठेवतो, असेल तर हात लावत नाही. तुम्ही ती गिटमध्ये कमिट केलीत, म्हणजे ती कायम 'आहे'. म्हणून ती कधीच नवी झाली नाही. कॉन्फिग-गेस आणि कॉन्फिग-सब या फाईल्सचंही असंच होतं. नव्या प्रोसेसरवर बिल्ड करायला गेलं की कळतं, मशीन ओळखण्याची यादी दहा वर्षं जुनी आहे.

मी पॅकेजिंगचं काम करतो. माझ्याकडे ३.१२ आल्यानंतर जी पॅकेजेस फुटली त्यांतली बरीचशी याच कारणाने फुटली. मूळ ऑटोमेक कधीच सुधारलं होतं, पण प्रत्येक टारबॉल (रिलीजच्या सोर्सचा गठ्ठा) स्वतःच्या पोटात जुनी प्रत घेऊन फिरत होता. 'इम्प' कालबाह्य होणार हे पायथन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून लिहिलेलं होतं. ते काढलं ऑक्टोबर २०२३ मध्ये. जवळजवळ दहा वर्षं सूचना मिळत होती, पण ती ज्या टर्मिनलवर छापली जात होती तिथे वाचणारं कुणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट. फक्त स्क्रिप्ट बदलून भागणार नाही. कॉन्फिगर फाईलमध्ये पायथन शोधणारं जे मॅक्रो आहे तेही जुनंच असणार. जुन्या मॅक्रोमध्ये आवृत्ती काढताना पायथनच्या आवृत्तीच्या मजकुरातली पहिली तीन अक्षरं घेत. ३.९ पर्यंत चाललं. ३.१० आलं आणि त्याची पहिली तीन अक्षरं झाली ३.१! तुमच्या मेकफाईलमध्ये कुठे ती आवृत्ती वापरून फोल्डरचं नाव बनवलं असेल तर फाईल्स 'पायथन३.१' नावाच्या फोल्डरात जाऊन पडतील आणि इंपोर्ट करताना सापडणार नाहीत. त्यातच ते मॅक्रो 'डिस्टयुटिल्स' या पायथनच्या जुन्या इन्स्टॉल-मॉड्यूलला विचारून जागा ठरवायचं, आणि डिस्टयुटिल्ससुद्धा ३.१२ मध्येच गेलं.

तिसरा_मजला

+१. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, ३.१ चं फोल्डर. दोन दिवस आम्ही इंपोर्टच्या वाटा तपासत होतो. शेवटी कुणीतरी इन्स्टॉलचा लॉग नीट वाचला.

मधला_कंस

मला मात्र धागाकर्त्याचा दुसरा पर्याय पटतो. कंपाइलऑल हे पायथनचं स्वतःचं साधन आहे. ते पायथनबरोबर बदलतं, 'इम्प' गेलं तरी त्याला काही झालं नाही. ३.५ पासून एकाच वेळी अनेक प्रोसेस लावून कंपाइल करता येतं. ३.९ पासून एकाच हाकेत अनेक ऑप्टिमायझेशन पातळ्या देता येतात. सिंटॅक्स चुकला तर ते शून्येतर कोड परत करतं, म्हणजे मेक तिथेच थांबतं. पाय-कंपाइलमध्ये यातलं काय आहे?

शेल स्क्रिप्टच्या आत अवतरणचिन्हांत पायथनचा कोड, त्यात पुन्हा शेलची व्हेरिएबल्स. मी ती उघडून वाचली आहे. फाईल्सची नावं तिहेरी अवतरणात एकत्र घालतात आणि आतल्या पायथनमध्ये मोकळ्या जागेवर तोडतात. फाईलच्या नावात स्पेस असेल तर? इन्स्टॉलच्या पाथमध्ये एकेरी अवतरणचिन्ह असेल तर? आतला पायथन कोडच मोडतो.

जुना_टारबॉल

@मधला_कंस, स्पेसचा मुद्दा खरा आहे, पण मेकच्या जगात फाईलच्या नावात स्पेस मुळातच चालत नाही. मेक स्वतः याद्या मोकळ्या जागेवर तोडतं. म्हणून पायथन फाईल्सच्या बाबतीत ती अडचण प्रत्यक्षात येत नाही. शिवाय मॉड्यूलच्या नावात स्पेस असेल तर ते इंपोर्ट कसं करणार?

खरा प्रश्न डेस्टडिरचा आहे. तुमच्या एका ओळीत डेस्टडिरचं काय करणार?

मधला_कंस

डेस्टडिर पुढे लावायचं आणि त्या फोल्डरवर कंपाइलऑल चालवायचं. सरळ आहे.

जुना_टारबॉल

सरळ दिसतं, पण तसं नाही. थोडं सविस्तर लिहितो, कारण या स्क्रिप्टचा जीव इथेच आहे.

पॅकेज बनवताना आपण फाईल्स खऱ्या जागी टाकत नाही. एका तात्पुरत्या फोल्डरात, डेस्टडिरमध्ये, टाकतो आणि तिथून गठ्ठा बांधतो. .पीवायसी फाईल बनते ती या तात्पुरत्या जागी. पण प्रत्येक कोड ऑब्जेक्टमध्ये मूळ फाईलचा पाथ लिहिलेला असतो, आणि तो तिथे जायला हवा खऱ्या जागेचा. म्हणून स्क्रिप्टमध्ये दोन वेगळे पाथ आहेत. एक, फाईल उघडण्यासाठी, डेस्टडिर लावलेला. दुसरा, आत लिहिण्यासाठी, डेस्टडिर नसलेला. त्या जागी एक कॉमेंटही आहे, की डेस्टडिर कंपाइल करायच्या नावाला लावावं पण कंपाइल झालेल्या फाईलच्या आत जाऊ देऊ नये. पायथनच्या आतल्या, पाय-कंपाइल याच नावाच्या मॉड्यूलला तिसरा पॅरामीटर यासाठीच देतात.

तुमच्या एका ओळीने पॅकेजमधल्या प्रत्येक .पीवायसी मध्ये बिल्ड मशीनवरचा तात्पुरता पाथ शिरेल. ट्रेसबॅकमध्ये तो दिसेल. आणि पॅकेजिंगची साधनं असा पाथ सापडला की पॅकेज नाकारतात.

अर्धी_रात्र

एक दुरुस्ती. ट्रेसबॅकमध्ये तो सहसा दिसत नाही. मूळ .पीवाय फाईल जागेवर असेल तर पायथन कॅशमधून कोड वाचताना आतला पाथ खऱ्या पाथशी ताडून बदलून घेतो. म्हणून चालत्या प्रोग्रॅममध्ये बरोबरच पाथ दिसतो. मूळ फाईल न देता नुसत्या .पीवायसी दिल्या असतील तर मात्र आत लिहिलेलाच पाथ राहतो.

पण फाईलमधला मजकूर चुकीचा राहतो हे खरं, आणि दोन मशीनवरच्या बिल्ड्स बाइट-बाइट सारख्या निघत नाहीत. त्यामुळे तुमचा निष्कर्ष बरोबर, कारण थोडं वेगळं.

जुना_टारबॉल

बरोबर आहे, धन्यवाद. ट्रेसबॅकचं वाक्य मागे घेतो. ते नुसत्या .पीवायसी देण्याच्या बाबतीतलं होतं.

मधला_कंस

ठीक. पण कंपाइलऑललाही याचा उपाय आहे. ३.९ मध्ये पाथचा पुढचा भाग काढून टाकण्याचा पर्याय आला आणि त्याजागी दुसरा लावण्याचाही. डेस्टडिर काढा, काम झालं.

उलटा_स्लॅश

काम झालं, पण ३.९ आणि पुढे. धागाकर्त्याचा प्रकल्प जुन्या मशीनवरही बिल्ड होत असेल तर?

सावकाश

मला वाटतं आपण सगळे 'कोणती कमांड' यात अडकलोय. मी ऑटोमेक, मेसन (दुसरं एक बिल्ड साधन) आणि हाताने लिहिलेल्या मेकफाईल्स, तिन्ही ठिकाणी .पीवायसी चं काम केलंय. ही स्क्रिप्ट सांभाळणं अवघड का जातं ते सांगतो.

तिचं काम एका वाक्याचं आहे, पण त्या वाक्यातला प्रत्येक शब्द पायथनने गेल्या पंधरा वर्षांत बदललाय. पूर्वी .पीवायसी फाईल .पीवाय च्या शेजारीच बसायची. २०११ मध्ये पायथन ३.२ आलं आणि त्या 'पायकॅश' नावाच्या उपफोल्डरात गेल्या, नावात इंटरप्रिटरचा टॅग घेऊन, जसं सीपायथन-३१२. त्याच वर्षी स्क्रिप्ट बदलली, आणि धागाकर्त्याकडे आहे ती प्रत त्याच काळातली. म्हणजे तिथे जे 'इम्प' आहे ते कुणाच्या आळसामुळे नाही. कॅशची जागा विचारायला त्या वेळी तेवढीच सोय होती.

मग २०१५ मध्ये ३.५ आलं. तोवर ऑप्टिमाइझ केलेल्या फाईल्सचं एक्स्टेंशन .पीवायओ होतं, आणि पहिली पातळी की दुसरी हे नावावरून कळत नव्हतं. दुसऱ्या पातळीत डॉकस्ट्रिंग्ज गळतात, म्हणजे फरक महत्त्वाचा. ३.५ ने .पीवायओ बंद केलं आणि नावातच 'ऑप्ट-१', 'ऑप्ट-२' आलं. कॅशचा पाथ सांगणाऱ्या फंक्शनचा जुना दुसरा पॅरामीटर कालबाह्य ठरवून नवा आला. स्क्रिप्टला दोन्ही माहीत हवेत. २०१८ मध्ये ३.७ आलं, फाईलचा हेडर बारावरून सोळा बाइट्सचा झाला आणि वेळेऐवजी हॅशवर तपासणी करायची सोय आली. त्यात पायपाय (पायथनचा दुसरा एक इंटरप्रिटर) साठी वेगळा विचार, पायथन २ साठी वेगळा.

यातली एकेक गोष्ट तुम्ही तुमच्या रेपोत सांभाळणार का, की जिथे हे काम कुणीतरी मन लावून करतंय तिथून घेणार? माझं उत्तर ठाम आहे. मूळ ऑटोमेकमधून घ्या. तिथे या एका स्क्रिप्टसाठी वेगळ्या चाचण्या आहेत: बेसडिर (फाईल्सचं मूळ फोल्डर) दिल्यावर काय, डेस्टडिर दिल्यावर काय, चुकीचे पर्याय दिल्यावर काय. तुमच्या पॅच केलेल्या प्रतीला कोण तपासणार?

पहाटवारा

सुंदर प्रतिसाद, सावकाश. वाचनखूण साठवली.

काडीपेटी

सगळ्यांचे आभार. आता अडचण सांगतो. फोर्स देऊन ऑटोरीकॉन्फ चालवलं आणि गिटमध्ये फरक पाहिला तर आमची प्रत २०११ च्या मूळ प्रतीशी तंतोतंत जुळत नाही असं दिसलं. कुणीतरी मध्ये एक बदल केला होता. कंपाइल करणाऱ्या फंक्शनला 'डूरेझ' हा पॅरामीटर खरा करून दिलाय. कमिटच्या संदेशात फक्त 'इन्स्टॉल दुरुस्त' एवढंच.

फोर्स दिलं तर हा बदल पुसला जातो. तो का केला असेल?

अर्धी_रात्र

का केला ते मी सांगू शकतो, कारण हाच घाव मीही सोसलाय.

पायथनच्या त्या फंक्शनला डूरेझ दिलं नाही तर सिंटॅक्स चुकलेल्या फाईलवर ते एक्सेप्शन टाकत नाही. चूक स्टँडर्ड एररवर छापतं आणि पुढे जातं. स्क्रिप्ट शून्य कोडने संपते, मेक इन्स्टॉल यशस्वी. आमच्या एका रिलीजमध्ये मर्ज करताना राहिलेल्या खुणा, त्या सात बरोबरची चिन्हं, एका फाईलमध्ये तशाच गेल्या. इन्स्टॉलच्या लॉगमध्ये चूक छापलेली होती. बिल्ड हिरवा होता, म्हणून लॉग कुणी उघडलाच नाही. रिलीज बाहेर पडल्यावर वापरणाऱ्यांकडून कळलं. ज्याने तुमच्याकडे हा बदल केला त्याला असंच काहीतरी सापडलं असणार, आणि त्याने योग्य काळजी घेतली.

स्क्रिप्टचा दुसरा भाग तर आणखी गप्प आहे. ऑप्टिमाइझ केलेल्या फाईल्स बनवताना जुन्या प्रतीत सगळे एरर डेव्ह-नल मध्ये टाकलेत आणि शेवटी '|| :' आहे. म्हणजे काहीही झालं तरी ठीक. पहिल्या भागात '|| exit' आहे म्हणून ३.१२ वर निदान मोठ्याने फुटलं. उलटं असतं तर कुणालाच कळलं नसतं.

मधला_कंस

हेच मी म्हणत होतो! कंपाइलऑल अशा वेळी शून्येतर कोड देतं.

सावकाश

देतं, आणि तो गुण खरा आहे. पण @काडीपेटी, सिंटॅक्स तपासण्याची जागा इन्स्टॉल नव्हे. इन्स्टॉलपर्यंत पोचलेली चूक पॅकेज बनवणाऱ्याच्या गळ्यात पडते, लिहिणाऱ्याच्या नाही. तपासणी 'मेक चेक' (चाचण्या चालवणारी आज्ञा) मध्ये हवी. तिथे कंपाइलऑल चालवा, सोर्स फोल्डरावर, हवं तितकं कडक. फक्त पायकॅश सोर्समध्ये पसरू नये म्हणून कॅशची जागा बदलणारं एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल वापरा, ३.८ पासून आहे.

इन्स्टॉलमध्ये डूरेझ लावण्याचा धोकाही बघा. बऱ्याच प्रकल्पांत अशा फाईल्स असतात ज्या एखाद्या नव्या पायथनचाच सिंटॅक्स वापरतात आणि चालवताना आवृत्ती बघूनच इंपोर्ट होतात. किंवा कोड बनवण्यासाठीचे साचे, ज्यांचं एक्स्टेंशन .पीवाय आहे पण आत जागोजागी भरायच्या खुणा आहेत. जुन्या इंटरप्रिटरवर इन्स्टॉल करणाऱ्याचं सगळं इन्स्टॉल अशा एका फाईलपायी थांबेल. दुखतंय पोट आणि बांधलं डोकं असं व्हायला नको.

तिसरा_मजला

अवांतर: तिसऱ्या पर्यायाबद्दल कुणी बोललंच नाही. कंपाइल करायचंच नाही, पायथन करून घेईल. आमच्या टीममध्ये आम्ही हेच केलं होतं. सहा महिन्यांनी उलट फिरलो.

कारण दोन. इन्स्टॉलची जागा रूटच्या मालकीची. साधा वापरकर्ता प्रोग्रॅम चालवतो तेव्हा पायथनला तिथे लिहिता येत नाही, तो तक्रारही करत नाही. मग प्रत्येक वेळी प्रत्येक मॉड्यूल नव्याने कंपाइल होतं. छोट्या कमांड-लाइन साधनांत हा उशीर जाणवतो, कारण ती दिवसातून शेकडो वेळा चालतात. आणि कधीतरी कुणी रूट म्हणून चालवलं की फाईल्स बनतात. मग अनइन्स्टॉल केल्यावर त्या मागे उरतात, कारण त्यांची नोंद कुठल्याच यादीत नसते.

पहाटवारा

@तिसरा_मजला, मग पिप आणि यूव्ही या पायथन पॅकेजेस इन्स्टॉल करणाऱ्या साधनांचं कसं? यूव्ही तर मुळात कंपाइल करतच नाही.

तिसरा_मजला

करत नाही, पर्याय दिला तर करतं. पिप आपणहून करतं. यूव्ही बहुतेक वेळा वापरकर्त्याच्या स्वतःच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये टाकतं, तिथे लिहायची परवानगी असते, म्हणून पहिल्या इंपोर्टला काम होऊन जातं. मात्र कंटेनरची इमेज बनवताना तो पर्याय लावावा, नाहीतर प्रत्येक नवा कंटेनर पहिल्यापासून सुरुवात करतो. डेबियन तर .पीवायसी पॅकेजमध्ये घालतच नाही, इन्स्टॉल झाल्यावर त्या मशीनवर बनवतं. मेसनमध्ये १.२ पासून पर्याय आहे, हवं तर बंद ठेवा, हवं तर पातळी निवडा. प्रत्येकाची गरज वेगळी. आमची गरज सिस्टिम फोल्डरची होती.

रिकामी_डिरेक्टरी

इमेजवरून आठवलं, आमचा अनुभव लिहितो.

आम्ही पाय-कंपाइलने सगळं नीट बनवलं होतं. तरी डिव्हाइसवर प्रोग्रॅम सुरू व्हायला वेळ लागायचा. .पीवायसी जागेवर, नाव बरोबर, टॅग बरोबर, आवृत्ती तीच. तरी पायथन त्या वापरत नव्हता.

कारण असं निघालं: .पीवायसी च्या हेडरमध्ये मूळ फाईलच्या बदलाची वेळ आणि आकार लिहिलेला असतो. पाय-कंपाइल हे फाईल कॉपी झाल्यानंतर चालतं, म्हणून त्या क्षणी वेळ जुळते. पण आमच्या इमेज बनवणाऱ्या पायरीत पुढे सगळ्या फाईल्सची वेळ एकसारखी केली जात होती, बिल्ड्स सारख्या निघाव्यात म्हणून. .पीवाय ची वेळ बदलली, .पीवायसी च्या आतली तीच राहिली. पायथनच्या दृष्टीने सगळा कॅश शिळा. फाईल सिस्टिम फक्त वाचण्यासाठी, म्हणून नवा लिहिता येत नाही. दर वेळी सगळं पुन्हा कंपाइल.

उपाय एका व्हेरिएबलचा निघाला. सोर्स-डेट-इपॉक सेट केलं की ३.७ पासून पायथन वेळेऐवजी सोर्सचा हॅश हेडरमध्ये लिहितो. पाय-कंपाइल स्क्रिप्टमध्ये एक अक्षरही बदलावं लागलं नाही, कारण ती शेवटी पायथनच्याच मॉड्यूलला हाक मारते.

अर्धी_रात्र

छान. फक्त एक लक्षात ठेवा. त्या व्हेरिएबलने जो प्रकार मिळतो त्यात पायथन दर इंपोर्टला मूळ फाईल वाचून हॅश ताडून बघतो. कंपाइल करण्यापेक्षा ते खूप स्वस्त, पण फुकट नाही. फाईल कधीच बदलणार नाही अशी खात्री असलेल्या इमेजमध्ये न ताडणारा प्रकार निवडता येतो. त्यासाठी मात्र कंपाइलऑलला तसं स्पष्ट सांगावं लागतं.

मधला_कंस

म्हणजे कंपाइलऑलला जागा आहे तर :-)

रिकामी_डिरेक्टरी

नक्कीच आहे. आम्ही आता इमेजच्या शेवटच्या पायरीत तेच वापरतो.

उलटा_स्लॅश

क्रॉस-कंपाइल (एका मशीनवर दुसऱ्या मशीनसाठी बिल्ड) करणाऱ्यांसाठी एक ओळ: .पीवायसी च्या पहिल्या बाइट्समधला मॅजिक नंबर पायथनच्या प्रत्येक ३.क्ष आवृत्तीगणिक बदलतो. बिल्ड मशीनवर ३.११ आणि डिव्हाइसवर ३.१२ असेल तर स्क्रिप्ट आनंदाने ३११ टॅगच्या फाईल्स बनवेल आणि डिव्हाइस त्यांच्याकडे बघणारही नाही. कॉन्फिगरला पायथन सांगताना आवृत्ती जुळवून सांगा.

नवी_पाटी

मी या क्षेत्रात नवीन आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा. स्क्रिप्ट आपल्या रेपोत कॉपी करून ठेवायचीच कशाला? सिस्टिमवरच्या ऑटोमेकमधली का वापरत नाहीत? आणि तिचा परवाना जीपीएल आहे, आमचा प्रकल्प जीपीएल नाही, मग चालतं का?

जुना_टारबॉल

दोन्ही प्रश्न चांगले आहेत.

कॉपी ठेवायचं कारण असं की टारबॉल उघडणाऱ्याकडे ऑटोमेक असणं गरजेचं नसावं. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, एवढ्यावर चालावं. म्हणून टारबॉलमध्ये प्रत हवीच. पण टारबॉलमध्ये हवी म्हणजे गिटमध्ये हवी असं नाही. या दोन गोष्टी एकच समजल्या गेल्या म्हणून इतक्या ठिकाणी जुन्या प्रती साचल्या. गिटमध्ये ठेवू नका, इग्नोरच्या यादीत घाला, रिलीज बनवताना ताजी येऊ द्या.

परवान्याचं: स्क्रिप्ट जीपीएलखाली आहे, पण वरच एक खास सवलत लिहिलेली आहे. ऑटोकॉन्फने बनवलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट असलेल्या प्रोग्रॅमबरोबर ती द्यायची असेल तर त्या प्रोग्रॅमच्याच अटींवर देता येते. वरच्या कॉमेंट्स पुसू नका म्हणजे झालं.

नवी_पाटी

मनापासून धन्यवाद. 'टारबॉलमध्ये हवी म्हणजे गिटमध्ये हवी असं नाही' हे लिहून ठेवलं.

काडीपेटी

परत आलो. काय केलं ते लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

पाय-कंपाइलची प्रत गिटमधून काढली, तिच्याबरोबर इतर सहाय्यक फाईल्सही. नव्या ऑटोमेकने, फोर्स देऊन, सगळं पुन्हा बनवलं. मॅक्रोही नवं आलं. तिसरा_मजला यांनी सांगितलेलं ३.१ चं फोल्डर आमच्याकडेही एका मेकफाईलमध्ये होतं, ते सापडलं. त्या एका ओळीसाठी हा धागा काढल्याचं सार्थक झालं.

डूरेझ चा बदल सावकाश यांच्या सांगण्यानुसार 'मेक चेक' मध्ये नेला. पहिल्याच फेरीत दोन फाईल्स सापडल्या ज्या पायथन ३ वर कंपाइलच होत नव्हत्या. प्रिंट जुन्या पद्धतीने लिहिलेलं. म्हणजे पायथन २ चा आधार संपल्यापासून, २०२० पासून, त्या मेलेल्याच होत्या. दोन्ही काढल्या.

एक गोष्ट अडली आहे. 'डिस्टचेक' (रिलीजचा टारबॉल तपासणारी पायरी) फुटतंय. इन्स्टॉल, मग अनइन्स्टॉल, आणि नंतर म्हणतंय की फाईल्स उरल्या. उरलेल्या सगळ्या पायकॅशमधल्या आहेत.

जुना_टारबॉल

अनइन्स्टॉलचा नियम ऑटोमेकचाच आहे की कुणी हाताने लिहिलाय? ऑटोमेकच्या नियमाला पायकॅश माहीत आहे. टॅग काय असेल ते मेकला कळत नाही, म्हणून तो मॉड्यूलच्या नावापुढे तारांकन लावून सगळे टॅग पुसतो. ऑप्ट-१ च्या फाईल्सही त्यातच येतात.

काडीपेटी

तपासलं. एका उपफोल्डराच्या मेकफाईलमध्ये पायथन फाईल्स 'डेटा' प्रकाराखाली लिहिल्यात, आणि इन्स्टॉल हुकमध्ये पाय-कंपाइलला हाताने हाक मारली आहे. त्यामुळे ऑटोमेकला त्या .पीवायसी बद्दल काहीच माहीत नाही.

सावकाश

सापडलं मग. तिथेही 'डेटा' ऐवजी 'पायथन' लिहा आणि हुक काढून टाका.

काडीपेटी

हुक काढला. डिस्टचेक पार झालं, ३.८ आणि ३.१२ दोन्हींवर. ३.१३ वर आज रात्री चालवतो.